पुढं धावणारा गोलकीपर

ऑनलाइन खेळ म्हणजे लबाडांचा बाजार, असं मुनीबचं ठाम मत. समोरचा दिसत नाय, कोण काय करतोय कळत नाय. खरा फुटबॉलचा व्हिडिओ गेम एकाच सोफ्यावर, मांडीला मांडी लावून! छावणी भागातल्या त्याच्या खोलीत त्याचा दोस्त सुदर्शन वर्षानुवर्षं तसाच हरत आला होता. ऐन वेळी सुदर्शनचा गोलकीपर उगाच पुढं धावायचा, अन् मुनीब मोकळ्या जाळीत बॉल टाकून सोफ्यावर नाचायचा.

सुदर्शन नोकरीसाठी पुण्याला गेला. करमेना, तेव्हा मुनीबनं नाक मुरडत ऑनलाइन आयडी काढला आणि गंमत म्हणून, नाव न सांगता, त्यालाच मॅचला बोलावलं.

सुदर्शननं सात गोल चढवले. त्याचा गोलकीपर एकदाही जागा सोडून पुढं आला नाही.

मुनीबनं माइक चालू केला. "सुद्या, अरे मी मुनीब."

पलीकडून घाईघाईचं हसू. "आधी सांगायचं ना यार! चल, अजून एक खेळू."

दुसरी मॅच सुरू झाली. मुनीबनं बॉल जरासा पुढं ढकलला, तोच सुदर्शनचा गोलकीपर धावत पुढं आला.

समोर जाळी मोकळी होती. मुनीबला बटण दाबवेना.