मावशीला जमलं तर

"प्लंबर कुठे अडकला?" साहेबांनी विचारलं.

"फाटकापाशी," शिकवणीवाली म्हणाली. "वीस मिनिटं शेळी फाटकाला धडका देत होती. शेवटी म्हणाला, बाई, नळबिळ गळत असेल तर सांगा, हे आपलं काम नाही."

चित्रकार हसला. तिला हसायचंही त्राण नव्हतं. तीन वर्षं खपून तिघांनी शेळीचा गेम केला होता, आणि खेळून बघायला बोलावलेल्या कुणालाच पहिला डोंगरही चढता येत नव्हता. म्हणून खेळता खेळता शिकवणारा भाग जोडायचं काम तिच्या गळ्यात पडलं. तेव्हापासून ऑफिसात ती शिकवणीवाली.

आधी तिने बाण दाखवला. शिंपीणबाईंना तो दिसलाच नाही. मग कुठलं बटण दाबायचं ते मोठ्या अक्षरांत लिहिलं. कुणी वाचलं नाही. मग खेळणारा अडला की शेळी स्वतःच उडी मारून, फाटक उघडून दाखवायची, परत मागे यायची आणि म्हणायची, आता तुम्ही करा. दिवसभर तेच. शेळीसुद्धा कंटाळली असावी.

"ते मागे येणं काढून टाका," साहेब म्हणाले. "एकदा दाखवलं ना? तेच परत करायला लावलं की लोक वैतागतात."

"मग ते शिकणार कसे, साहेब?"

"बघून बघून. आणि आज माझी मावशी येतेय. सत्तरी उलटलीय, टीव्हीचा रिमोटसुद्धा उलटा धरते. तिला डोंगर चढता आला तर गेम बाजारात. नाही आला तर उद्यापासून आपलं दुकान बंद. माझ्याच्याने आता ओढवत नाही."

तिने डोळे चोळले आणि साहेबांनी सांगितलं तेवढं काढून टाकलं; आता शेळी करून दाखवणार आणि तिथूनच पुढे जाणार.

खेळणाऱ्याच्या खोलीत कुणी थांबायचं नाही, असा तिथला नियम. माणूस समोर असला की लोक स्क्रीन सोडून त्याच्याच तोंडाकडे बघतात. त्यामुळे खेळणारा जिन्याजवळच्या खोलीत, आणि हे तिघं आत बसून फक्त त्याची स्क्रीन बघणार. मावशीलाही सांगून ठेवलं होतं, आलीस की दार ढकलून सरळ खुर्चीत बस.

तीन वाजता साहेबांच्या फोनवर निरोप आला. 'पोचले.'

"बसली असेल. करा चालू."

शेळी उभी राहिली. जागची हलेना.

"गोंधळल्या वाटतं," चित्रकार पुटपुटला.

तेवढ्यात शेळीने उडी मारली. ओढा पार. थोडं थांबून दुसरी उडी.

"घाई नाही, गडबड नाही," साहेब म्हणाले. "चाळीस वर्षं नर्स होती. हात बघा कसा स्थिर आहे."

फाटकापाशी शेळी थांबली. फाटक उघडलं.

"प्लंबरला यांच्याकडे शिकायला पाठवा," चित्रकार म्हणाला.

साडेआठ मिनिटांत शेळी डोंगरावर. एकदाही चुकली नाही. साहेबांनी तिथूनच विक्रेत्याला फोन लावला. "पाठवला तुमच्याकडे. हो, आजच टाका बाजारात. अहो, माझ्या मावशीला जमलं, आणखी काय पाहिजे?"

शिकवणीवालीने टेबलावर डोकं टेकलं. कितीतरी महिन्यांनी तिच्या खांद्यांतला पीळ सुटला.

दार उघडलं. दारात मावशी उभी होती, एक हात कमरेवर, दुसरा चौकटीवर, धापा टाकत.

"काय रे बाळ्या, ती लिफ्ट तरी दुरुस्त करून घे. पाच जिने चढताना तीनदा बसले मी. हं, सांग आता, कुठल्या खुर्चीत बसायचंय खेळायला?"