निर्णायक मत

वस्तीत सगळे ज्यांना आदराने 'मिस' म्हणत, त्या ओडेसा उठल्या तसा चर्चच्या तळघरातला गलका एकदम थांबला. माइकसमोरच्या रांगेतली माणसं आपणहून बाजूला झाली.

वस्तीचं गाऱ्हाणं नेहमी शहराकडे नेणाऱ्या क्लीटसने शेजारच्या खुर्चीतून त्यांचा हात धरला. "तुम्ही कशाला, मिस ओडेसा? मी बोलतो ना तुमच्या वतीने."

"तुझं ऐकलं असतं महापौरांनी, तर ही सभा भरवायची वेळच आली नसती," त्या म्हणाल्या आणि काठी टेकत निघाल्या.

मागच्या आठवड्यात पेल रस्त्यावरच्या तिमजली इमारतीला आग लागली. दोन गल्ल्या सोडून असलेलं अग्निशमन केंद्र शहराने खर्च वाचवायला मार्चमध्येच बंद केलं होतं. बंब नदीपलीकडून आला, तोवर वरचा मजला खाली बसला होता. चार माणसं गेली. ओडेसांचा धाकटा मुलगा टेरन्स शेजारणीच्या दोन मुलींना बाहेर काढून पुन्हा आत शिरला, तो आलाच नाही.

आज लोकांनी महापौरांना जाब विचारायला बोलावलं होतं. मघापासून ते मंचावर बसून एकाच सुरात उत्तरं देत होते. चौकशी चालू आहे. अहवाल येऊ द्या. "तुमच्या घराजवळचं केंद्र कसं नाही बंद पडलं?" असं एका बाईने विचारलं, तेव्हाही तो सूर हलला नाही. ओडेसा माइकपाशी पोहोचल्या तेव्हा मात्र त्यांनी पाण्याचा पेला उचलला आणि न पिताच खाली ठेवला.

सभा चालवणारे रेव्हरंड गेन्स चाचरत म्हणाले, "तशी प्रत्येकाला दोनच मिनिटं आहेत, पण तुम्हाला..."

"मलाही दोनच द्या. पुरतील."

त्या मंचाकडे वळल्या. "महापौरसाहेब, आग लागल्यापासून मी तुमच्या ऑफिसात रोज फोन करतेय. तुमची सेक्रेटरी म्हणते, निरोप पोहोचवते. पोहोचला का?"

महापौर समोरच्या टेबलाकडे बघत राहिले. "पोहोचला."

"बरं. केंद्र बंद करायचं कुणी ठरवलं?"

"तो नगरपरिषदेचा निर्णय..."

"परिषदेत मतं समसमान पडली होती. निर्णायक मत कुणाचं?"

उत्तर ओठांतल्या ओठांत आलं. मागून कुणीतरी म्हणालं, "माइकमध्ये बोला, साहेब. इथे सगळे जागे आहेत."

"माझं," महापौर म्हणाले.

खुर्च्या सरकल्या. राजीनाम्याची मागणी झाली, त्यात क्लीटसचा आवाज सगळ्यांत वरचा. ओडेसांनी मागे न वळता हात वर केला. हळूहळू सगळे गप्प झाले.

"तुम्हालाही राजीनामाच हवाय का?" रेव्हरंडनी हलकेच विचारलं.

"ते हे लोक बघतील. माझं काम वेगळं आहे." त्यांनी माइक जवळ ओढला. "उद्या सकाळी टेरन्सला पुरायचंय. पेटी उचलायला सहा जण लागतात. पाच जमलेत."

त्या पुन्हा महापौरांकडे वळल्या.

"सहावी जागा मी कुणाला दिलेली नाही. पाठचा भाऊ आहे तो तुझा. येणार आहेस ना?"