मॅटखालचं बटण

स्वप्नीलने पुन्हा चावी फिरवली. इंजिन घरघरत फिरत राहिलं, पण पेटेना.

"सेल्फ तर जोरात मारतोय," बॉनेटमध्ये डोकं घातलेला नीलेश मेकॅनिक म्हणाला. "म्हणजे बॅटरी ओके. पेट्रोल आहे ना?"

"कालच भरलंय."

पूनम सागर कॉम्प्लेक्समधल्या इमारतीखाली एव्हाना तीन-चार जण जमले होते. त्यांच्या मागे स्वप्नीलचे वडील, बबनराव, छातीशी एक उशी धरून उभे होते. गाडीत मागच्या सीटवर त्यांची बायको शुभदा एका दाराला पाठ टेकून, प्लास्टरमधला पाय सबंध सीटभर पसरून बसली होती. प्लास्टर आज निघणार होतं. रिक्षात असा पाय पसरता येत नाही, म्हणून तर बबनरावांनी समुद्राकाठच्या पाली गावातल्या जानूकडून ही जुनी गाडी घेतली होती. कुणालाही न विचारता घेतलेली त्यांच्या आयुष्यातली बहुधा ही पहिलीच वस्तू.

"अरे बबनभाई, पुरानी गाडी म्हणजे पुराना पेशंट," मागच्या दाराला टेकलेले शेजारचे जितेंद्रभाई हसत म्हणाले. "एक दुखणं गेलं की दुसरं चालू!"

"गाडी घरी आली तेव्हाच मी बोललो होतो, पप्पा," स्वप्नील म्हणाला. "समुद्राकाठची गाडी, आतून सगळी गंजलेली असणार."

बबनरावांच्या डोक्यात जानूचा आवाज घुमत होता. गाडी देताना त्याने मागची मॅट उचलून एक काळं बटण दाखवलं होतं. "काका, हे चोर बटण हाय. हे बंद केलं का पेट्रोलच्या पंपाला करंट जात न्हाय. गाडी नुसती फिरल, चालू व्हनार न्हाय. कोनाला सांगू नका. घरात बी न्हाय. ज्याला ठावं, त्याचीच गाडी."

बबनरावांनी ते गुरुमंत्रासारखं पाळलं होतं. रोज रात्री जेवल्यावर "जरा पाय मोकळे करून येतो" म्हणून खाली जायचं आणि बटण बंद करायचं. सकाळी दूध आणायला जाताना चालू करायचं. केलं की नाही अशी शंका आली की पुन्हा उतरून बघायचं.

आज दूध स्वप्नीलने आणलं होतं. मग आपण खाली उतरलो होतो का? उतरलो होतो, मॅट उचललेली आठवतेय. पण ती आजची की कालची?

सांगून टाकावं. पण इतक्या लोकांसमोर? आणि सांगितल्यावर बटण चालूच निघालं तर? गुपितही गेलं आणि हसंही झालं. ते दोन पावलं मागच्या दाराकडे गेले. जितेंद्रभाई हलले नाहीत. बबनराव परत फिरले.

"नुसती चावी लाव, सेल्फ मारू नको," नीलेशने स्वप्नीलला सांगितलं आणि मागच्या चाकाशी वाकून कान दिला. सगळे गप्प झाले. "काहीच नाही. पंपाचा घूं असा आवाज यायला पाहिजे. फ्यूज मी बघितला, चांगला आहे. पंप गेला."

"मग?"

"पंप मागच्या सीटखाली असतो. सीट काढावी लागेल. काकूंना उतरवा."

शुभदाने सीटची कड घट्ट धरली. मघाशी तिला आत बसवायला चौघे लागले होते आणि तेवढा वेळ तिने पदर दातांत धरून ठेवला होता. तिने फक्त बबनरावांकडे पाहिलं.

"थांबा!" बबनराव म्हणाले. स्वतःच्या आवाजाने ते स्वतःच दचकले. "म्हणजे... उशी. तिच्या पायाखाली उशी द्यायची राहिलीय. जितेंद्रभाई, जरा बाजूला व्हा."

दार उघडून ते वाकले. एका हाताने उशी टाचेखाली सरकवली. दुसरा हात मॅटखाली गेला. बटण बंद होतं. त्यांनी ते दाबलं.

सीटखालून बारीक आवाज आला. घूं.

"आता मारून बघ," ते कसेबसे म्हणाले.

गाडी एका झटक्यात चालू झाली.

"बघितलं?" नीलेश हात पुसत म्हणाला. "मी मघाशी खालून वायर हलवली ना, तिथेच लूज होतं."

"वा, क्या हाथ है!" जितेंद्रभाई म्हणाले.

"आजचा दिवस निभावला," स्वप्नील म्हणाला. "पण पप्पा, उद्या मी हिला विकायला टाकतोय. हिचा भरवसा नाही."

बबनरावांनी तोंड उघडलं. सगळे त्यांच्याकडेच बघत होते. त्यांनी ते मिटलं.

"विकायची नाही," मागून शुभदा म्हणाली. "गाडीला काही झालेलं नाही."

"आई, तुला काय कळतं गाडीतलं?"

"जेवढं दिसतं तेवढं कळतं. चल आता, डॉक्टर निघून जातील."

बबनराव तिचा पाय मांडीवर घेऊन कोपऱ्यात बसले. गाडी गेटबाहेर पडली. स्वप्नील हॉर्न वाजवत रिक्षांमधून वाट काढू लागला, तेव्हा शुभदा पुढे झुकली.

"रोज रात्री पाय मोकळे करायला जाता, ते हे करायला?"

त्यांनी मान हलवली. "जानूने सांगितलं होतं, घरातही बोलायचं नाही."

"आणि मी दीड महिना तुमच्या शर्टाचा वास घेत बसले," ती कुजबुजली. "म्हटलं, सिगारेट पुन्हा सुरू केली."

बबनरावांनी एकदा पुढे, स्वप्नीलच्या पाठीकडे पाहिलं. मग तिचा हात हातात घेऊन हळूच खाली नेला, मॅटखाली, आणि तिचं बोट बटणावर टेकवलं.

"आत्ता दाबू नकोस," ते म्हणाले.