घार आणि घास

दीड वाजला तरी कावळा आला नव्हता. भिंतीवरच्या पानात भात, वडा, खीर सगळं गार होऊन गेलं होतं, आणि अण्णा अंगणात उन्हात हात जोडून उभे होते. आत गुरुजी दोनदा खाकरले. ते भुकेचं खाकरणं होतं हे सगळ्यांना कळलं.

अण्णांचे वडील भय्यासाहेब गेले त्याला वर्ष होऊन गेलं होतं. पितृपक्षातलं हे त्यांचं पहिलं श्राद्ध.

"भय्यासाहेब, घर बेचणार नाही," अण्णा आभाळाकडे बघून म्हणाले. "नवं राज्य होतंय, पूर्ण दफ्तरच भोपाळला चाललंय, तर जायलाच पडेल. पण घर नाही बेचणार. बस?"

कावळा आला नाही.

"जयूच्या लग्नाचं म्हणून बघा," त्यांची बायको विनोदिनी म्हणाली. अण्णांनी लेकीचं लग्न कबूल केलं. मग अबोला सोडून धाकट्या भावाशी, मधुकरशी बोलायचंही कबूल केलं, आणि ते मात्र त्यांना फार जड गेलं.

भिंतीपलीकडे शेजारीण अहल्या सगळं ऐकत होती. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. कावळे का येत नाहीत ते तिच्या आता लक्षात आलं होतं. तिच्या कोंबडीच्या अकरा पिल्लांतली सहा घारीने उचलली, म्हणून परवा तिने एक फाटकी काळी छत्री बांबूला उलटी टांगली होती. वाऱ्यावर ती अशी फडफडायची की लांबून मेलेला कावळाच वाटावा. दोन दिवस घार फिरकली नाही. कावळेही फिरकले नाहीत, पण त्यांचा विचार करतंय कोण?

छत्री काढावी तर पाच पिल्लं उघडी पडणार. डालग्याखाली झाकावीत म्हटलं तर ती आवारभर पांगलेली. एकट्या बाईची चूल याच कोंबड्यांवर पेटत होती.

आणि न काढावी तर भय्यासाहेब उपाशी. फ्रीगंज वस्तीतल्या त्या ओळीत ब्राह्मणांच्या शेजारी कोंबड्या म्हटल्यावर केवढा गहजब झाला होता! भय्यासाहेबांनीच सगळ्यांना गप्प केलं. जन्मात अंड्याला हात न लावलेला तो म्हातारा रोज भिंतीपाशी काठी घेऊन बसायचा, आणि घार दिसली की साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असा ओरडायचा. त्यांचे उपकार विसरणं तिला शक्य नव्हतं.

अहल्याने बांबू आडवा केला, छत्री सोडवून काखेत मारली आणि भिंतीपाशी आली.

"अण्णा, भय्यासाहेब रुसले नाहीत. गलती माझी आहे. घारीसाठी मी ही छत्री टांगली होती. कावळे हिलाच भ्यायले."

अण्णा छत्रीकडे बघत राहिले. "थोडं आधी सांगायचं ना, अहल्याबाई! मी मधुकरचंसुद्धा कबूल करून बसलो."

एवढ्यात कडुनिंबावर एक कावळा उतरला. मग दुसरा. पहिला भिंतीवर आला, मान वाकडी करून त्याने पान न्याहाळलं आणि भातात चोच घातली. अण्णांनी डोळे पुसले. विनोदिनीने आत गुरुजींना हाक मारली.

तेवढ्यात अहल्याच्या आवारावरून सावली सरकली. कोंबडी ओरडली, पिल्लं सैरावैरा पळाली. अहल्या धावली, पण घार तिच्याआधी खाली येणार हे तिला दिसत होतं.

पानावरच्या कावळ्याने चोचीतला घास टाकला. काव काव करत तो सरळ घारीच्या पाठीवर गेला, मागोमाग दुसरा. दोघांनी टोचून टोचून तिला पार स्टेशनच्या बाजूला पिटाळलं. रिकाम्या पंजांनीच गेली ती.

अहल्याने पिल्लं मोजली. पाच. तिने भिंतीकडे तोंड करून हात जोडले.

विनोदिनी अर्धवट उष्ट्या पानाकडे बघत होती.

"आजसुद्धा ताटावरून उठलेच!" ती म्हणाली. "रोज हात जोडून सांगायची मी, भय्यासाहेब, आधी जेवून घ्या, मग हाकला घार."