मीरसाहेबांची वळकटी

तुरुंगात गेल्याशिवाय यंदा अमरोह्यात मतं मिळायची नाहीत, हे मीर तुफैल हुसेन यांनी ओळखलं होतं. बेगमनं वळकटीत पानाचा डबासुद्धा बांधून दिला. "या खेपेला तरी नेतील ना हो तुम्हाला?" तिनं काळजीनं विचारलं.

भरसभेत मीरसाहेबांनी इंग्रज सरकारवर अशी आग ओकली, की शिपाई खरंच धावून आले. पण पकडलं त्यांनी शराफत यार खानांना. निवडणुकीतले हे सरकारधार्जिणे प्रतिस्पर्धी सभा उधळायला आले होते आणि आरडाओरडा करत होते.

सकाळी मीरसाहेबांच्या दारात झेंडे घेऊन अख्खा मोहल्ला हजर!



"मीरसाहेब, तुमच्यासारखं तडफदार कोण बोलणार? देशासाठी तुरुंगात गेलेल्या खानसाहेबांसाठी मतं मागायला चला!"