बी पडेपर्यंत

ही गोष्ट २०२३ सालच्या भाद्रपदातली. कोलकात्यात पाऊस उसंत घेत नव्हता. न्यू टाउनमधल्या त्यांच्या सोसायटीच्या दारात गुडघाभर पाणी साचलं होतं आणि कामवाली येणार नाही, हे शकुनने सकाळीच गृहीत धरलं होतं. उद्या गणपती. ती स्वयंपाकघरात नारळ खवत बसली होती, तेवढ्यात फोन वाजला.

"काकू, तात्यांना द्या जरा," दत्तात्रय म्हणाला.

दत्तात्रय शकुनच्या नवऱ्याचा, मनोहरांचा पुतण्या; गावाकडे त्यांना सगळे तात्या म्हणत. साताऱ्याच्या दुष्काळी माण तालुक्यातल्या त्यांच्या गावी राहायचा आणि त्यांचं कुरण सांभाळायचा. एरवी तो आधी तब्येत विचारी, मग जेवण झालं का, मग पाऊस. आज त्याने काहीच विचारलं नाही.

कुरण म्हणजे मनोहरांच्या वाटणीला आलेला उघडा माळ. कोलकात्याच्या खिदिरपूर बंदरातल्या कस्टममधून निवृत्त झाल्यावर त्यांनी तिथे पाणी मुरायला चर खणून घेतले, काटेरी कुंपण घातलं, पवना आणि मारवेल गवत लावलं. नियम एकच. गवताचं बी जमिनीवर पडेपर्यंत एकही जनावर आत सोडायचं नाही. मग सगळ्या गावाने कापून न्यावं. "माझा वाढदिवस विसरतील," शकुन येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे, "पण पवन्याला तुरा कधी आला ते विचारा!"

नात आभा घरीच होती. तिने व्हिडिओ लावून फोन पिठाच्या डब्याला टेकवून ठेवला आणि आजोबांना खुर्ची ओढून दिली. पडद्यावर कमरेइतकं गवत दिसलं. श्रावण कोरडा गेल्यामुळे ते पिवळट पडलं होतं. तुरे आले होते, दाणा भरला नव्हता. कुंपणापलीकडे माणसं उभी होती आणि माणसांच्या मागे गुरं.

"बाप रे आजोबा, किती गाय!" आभा म्हणाली. तिचं मराठी घरापुरतंच होतं.

"दत्ता, चारा छावणी सुरू झाली का?"

"अजून न्हाई, तात्या. व्हनार म्हणत्यात."

"उसाचं वाढं आणा की खालच्या गावातून."

"त्येंच्याच जनावरांना पुरंना. आमाला कोण देतंय?"

तेवढ्यात पडद्यावर अलका आली. तिचं घर कुरणाला लागूनच. चर खणायला पहिल्या दिवसापासून ती होती, आणि राखण तिचीच. कुणाची शेळी जरी कुंपणाला तोंड लावताना दिसली, तरी ती शेळीच्या मालकाच्या सात पिढ्यांचा उद्धार करी. आज तिच्या हातात स्वतःच्या गायीचं दावं होतं. गायीच्या बरगड्या मोजता आल्या असत्या.

"तात्या, आजवर दुसऱ्यांची जनावरं मी हाकलली. आज माझीच हितं उभी हाय."

"अलका, महिनाभर थांबा गं," मनोहर म्हणाले. "आत्ता खाल्लं तर मुळासकट जाईल. पुढच्या वर्षी उगवायला काही राहणार नाही."

"ठावं हाय. तुमीच शिकीवलंय."

"मग?"

"तुमी न्हाई म्हणा, मी माघारी नेते. बाकीच्यांस्नी पन नेते, माझं ऐकत्यात. पर कुठं नेऊ, तेवढं सांगा."

मनोहरांनी खुर्ची फोनच्या आणखी जवळ ओढली. शकुनचा खवणीवरचा हात थांबला. गावी कितीतरी उन्हाळे तिने काढले होते, पण भाद्रपदात गुरं अशी चाऱ्यासाठी उभी राहिलेली तिने कधी पाहिली नव्हती.

"अहो, अर्धं द्या," ती म्हणाली. "वरच्या अंगाचं बियाण्याला राखा."

मनोहरांनी तिचं म्हणणं दोन्ही हातांनी झेललं. "हां! दत्ता, ऐक. वरच्या अंगाला माणसं उभी कर. खालच्या बाजूचंच फक्त..."

पडदा हलला. आकाश दिसलं, मग दत्तात्रयाच्या चपला, मग पुन्हा कुरण. एका खोंडाने कुंपणात मान घातली होती. काटे रुतले तरी त्याने ती बाहेर काढली नाही, तसाच पुढे रेटत राहिला, आणि कुंपण आडवं झालं. फाटक कुणी उघडलं नाही, गुरांना कुणी हाकललंही नाही. ती आपणहून आत गेली. अलका एकेका गायीचं नाव घेऊन "मागं फीर! अगं, मागं फीर!" ओरडत धावत होती. तिची गाय दावं हिसकून कधीच आत पोचली होती. गुरांना वरचं अंग आणि खालचं अंग कळत नव्हतं.

"तात्या, काठ्या घिऊन काढू का भाईर?" दत्तात्रय ओरडून विचारत होता. "सांगा लवकर!"

मनोहरांनी कान फोनजवळ नेला.

"आजोबा, काका विचारतोय," आभा म्हणाली.

"पंखा बंद कर," मनोहर शकुनला म्हणाले.

तिने उठून पंखा बंद केला. मग गवत तुटण्याचा आवाज स्वयंपाकघरात स्पष्ट ऐकू यायला लागला.

"नको," मनोहर म्हणाले. "खाऊ दे."

छावणी पुढे सुरू झाली, तोवर कुरणात खाण्याजोगं काही उरलं नव्हतं. दत्तात्रय चाकणला मुलाकडे गेला. दत्तात्रय आता तिथल्या एका कारखान्याच्या दारावर राखणीला उभा असतो. आभा नोकरीला बंगळुरूला गेली आणि पाण्याचा टँकर आला नाही की आजीला फोन करते. अलकाची गाय जगली, व्यायली. पुढच्या वर्षी गावाकडे पाऊस भरपूर झाला. त्या भाद्रपदात अलकाने वासराचा फोटो पाठवला, खाली लिहिलं होतं, 'तात्यांना दाखवा.'

दिवाळीनंतर मनोहर गेले. पण तो फोटो त्यांनी पाहिला होता. शकुनने फोन हातात दिला, तेव्हा त्यांनी दोन बोटांनी तो मोठा केला, आणखी मोठा केला. वासरू पडद्याच्या बाहेर गेलं. मागे कुरणातले उघडे दगड तेवढे राहिले, गवताची काडी नव्हती.

"चांगलं आहे," ते म्हणाले.