डॉक्टरांचा प्रश्न

आमच्या वेळी वरच्या सभागृहात पुढाऱ्यांचे मेहुणे-जावईच बसायचे. यंदा सुधारणा झाली. अनुभवी माणसं घ्यायची ठरली आणि आमच्या सरकारी दवाखान्यातल्या एकुलत्या एक डॉक्टरांची निवड झाली. गावाला कोण आनंद!

आज तापाने फणफणलेली नात मांडीवर घेऊन मी दवाखान्यात बसले होते. भिंतीवरच्या टीव्हीत आमचे डॉक्टर कडाडत होते, "माझ्या गावच्या दवाखान्यात कित्येक महिने डॉक्टर नाही. कधी येणार? सरकारने उत्तर द्यावं!"

बाकांवरच्या सगळ्या आजाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. मग नातीच्या कपाळाचा चटका हाताला लागला आणि मी सिस्टरला हाक मारली.

"अगं सिस्टर, डॉक्टर येणार तरी कधी?"

तिने टीव्हीकडे बोट दाखवलं. "तेच तर ते विचारतायत, आजी."